कोल्हापूर ते लंडन : अंतर, मार्ग आणि प्रवासकाळ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दोन दूरस्थ शहरांमधील हवाई अंतर किती आणि ते कापण्यास किती वेळ लागतो, हा प्रश्न आज संगणकाच्या पडद्यावर क्षणात सुटतो. शहरांची नावे दिली की एक आकडा किलोमीटरमध्ये आणि दुसरा तासांमध्ये मिळतो. कोल्हापूर आणि लंडन यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे साडेसात हजार किलोमीटर येते. ताशी आठशे-नऊशे किलोमीटर या वेगाने भागले असता हा प्रवास नऊ तासांत व्हावा असे दिसते. प्रत्यक्षात कोल्हापूरचा कोणताही प्रवासी नऊ तासांत लंडनला पोहोचत नाही. गणिती उत्तर आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील ही तफावत केवळ व्यवहाराची बाब नाही. दळणवळणाची साधने, साम्राज्याच्या गरजा, संस्थानी राजकारण आणि प्रादेशिक विकासाचा असमतोल यांचा इतिहास तिच्यात साठलेला आहे.

कोल्हापूरच्या दृष्टीने या विषयाला एक वेगळे महत्त्व आहे. करवीर संस्थानचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडच्या प्रवासास गेले आणि परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहण समारंभासाठी लंडनला गेले. बत्तीस वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन प्रवास आणि त्यानंतरचा विमानयुगाचा काळ एकत्र पाहिल्यास अंतर तेच राहूनही प्रवास कसा बदलत गेला, हे स्पष्ट करता येते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कोल्हापूर-लंडन प्रवासातील भौगोलिक अंतर, मार्गाचे अंतर व प्रवासकाळ या तीन संकल्पनांमधील फरक स्पष्ट करणे.
२) १८७० व १९०२ च्या राजप्रवासांच्या आधारे प्रवासकाळाचे राजकीय व सांस्कृतिक परिणाम तपासणे.
३) संपूर्ण प्रवासात कोल्हापूर-मुंबई या अंतर्गत टप्प्याचा वाटा कालौघात कसा बदलला, हे पाहणे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

भौगोलिक अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वात लहान रेषा. हे अंतर माणसाच्या कर्तृत्वाने बदलत नाही. मार्गाचे अंतर म्हणजे प्रवाशाला प्रत्यक्ष कापावी लागणारी वाट. ती डोंगर, समुद्र, कालवे, राज्यांच्या सीमा आणि युद्धे यांनुसार लांबते किंवा आखूड होते. तिसरी संकल्पना प्रवासकाळाची. त्यात चालण्याचा वेळ असतो तसाच थांबण्याचाही असतो. गाडी बदलणे, बोटीची वाट पाहणे, पावसाळा संपण्याची वाट पाहणे, कागदपत्रांची तपासणी हे सर्व प्रवासकाळाचेच भाग होत. सर्वसामान्य गणनेत पहिल्या संकल्पनेवरून थेट तिसरीचा अंदाज बांधला जातो आणि मधली संकल्पना वगळली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही मधली पायरीच सर्वाधिक माहिती देते.

येथे घड्याळाच्या फरकाचाही विचार करावा लागतो. भारतीय प्रमाणवेळ लंडनच्या वेळेपेक्षा हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असते. त्यामुळे लंडनला जाताना प्रवास घड्याळात आखूड आणि परतताना लांब भासतो. निघण्याच्या व पोहोचण्याच्या स्थानिक वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवासकाळ नव्हे.

आगबोटीपूर्वीचा काळ

वाफेच्या शक्तीचा उपयोग होण्यापूर्वी इंग्लंडला जाणारी जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जात. मुंबई-लंडन हा मार्ग सुमारे पावणेअकरा हजार सागरी मैलांचा होता आणि वाऱ्याच्या अनुकूलतेनुसार त्यास चार ते सहा महिने लागत. एका पत्राचे उत्तर येण्यास वर्ष उलटणे ही सामान्य गोष्ट होती. १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि तांबड्या समुद्राच्या मार्गाचा पर्याय व्यवहार्य ठरला. पुढील दशकात इजिप्तचा भूभाग जमिनीवरून ओलांडून भूमध्य समुद्रात दुसरी बोट पकडण्याची पद्धत रूढ झाली आणि टपाल महिन्या-दीड महिन्यात पोहोचू लागले.

या स्थित्यंतराच्या काळात दक्षिण महाराष्ट्राचा लंडनशी आलेला सर्वात दीर्घ संबंध साताऱ्याचा होय. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केल्यानंतर त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तेथे आपल्या धन्याची बाजू मांडत राहिले. या अवधीत १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराजांचे काशी येथे निधन झाले आणि १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाले. निर्णय लंडनमध्ये आणि त्याचे परिणाम कृष्णाकाठी, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात अंतर हेच सत्तेचे एक साधन बनले होते. दाद मागणाऱ्याला समुद्र ओलांडावा लागे. दाद ऐकणाऱ्याला मात्र घाई नव्हती.

१८७० चा प्रवास : राजाराम महाराज (दुसरे)

राजाराम महाराजांच्या प्रवासाच्या वेळी दळणवळणाच्या जगात तीन मोठे बदल नुकतेच घडले होते. भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण होऊन मुंबई व पुणे सलग जोडले गेले होते. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला होता; त्यामुळे मुंबई-लंडन सागरी मार्ग सुमारे ६,३०० सागरी मैलांवर आला, म्हणजे केपच्या मार्गापेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. जून १८७० मध्ये समुद्राखालील तारेने लंडन व मुंबई जोडली गेली.

या तिन्ही सोयी मुंबईपर्यंतच्या किंवा पुण्यापर्यंतच्या होत्या. कोल्हापूरला त्या वेळी रेल्वे नव्हती. पुण्यापर्यंतचे सुमारे २३० किलोमीटर अंतर रस्त्याने कापावे लागे. दुसरा मार्ग आंबा किंवा फोंडा घाट उतरून कोकणातील बंदर गाठण्याचा आणि तेथून बोटीने मुंबईस जाण्याचा होता. परंतु पावसाळ्यात किनाऱ्यावरील ही वाहतूक बंद असे. म्हणजे लंडनकडे जाणारा कोल्हापूरकर आधी मुंबईच्या अंतराशी झगडे आणि मग समुद्राशी.

महाराजांचा जन्म १८५० मधला. १८६६ मध्ये ते दत्तकविधानाने करवीरच्या गादीवर आले आणि १८७० च्या उन्हाळ्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, युरोपात पोहोचले. समुद्रप्रवास धर्मबाह्य मानला जाण्याच्या त्या काळात एका हिंदू राजाने इंग्लंडला जाणे ही धाडसाची गोष्ट होती. आपल्या प्रवासाची दैनंदिनी त्यांनी इंग्रजीत लिहिली. त्यांच्यासोबत असलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली.

परतीच्या प्रवासावर युरोपातील राजकारणाची छाया होती. जुलै १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि फ्रान्समधून भूमध्य समुद्राकडे जाणारी नेहमीची वाट अनिश्चित झाली. पूर्वेकडे जाणारी वाहतूक जर्मनी व ऑस्ट्रियातून, आल्प्स ओलांडून इटलीकडे वळली. नोव्हेंबरमध्ये महाराज युरोपखंडातून याच दिशेने इटलीकडे येत होते. वाटेत त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, त्या वेळी इटलीची राजधानी असलेल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे जे घडले त्यात प्रवासकाळाचा अर्थ सर्वाधिक तीव्रतेने प्रकट होतो. तारेची सोय झाल्याने निधनाची वार्ता मुंबईला पोहोचण्यास आता आठवडे लागण्याचे कारण उरले नव्हते. पार्थिव देह मात्र कोल्हापूरला नेणे अशक्य होते. इटलीत दहनाची प्रथा नव्हती. तरीही तेथील अधिकाऱ्यांच्या परवानगीने आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, काशिने उद्यानाच्या टोकाला, हिंदू विधीनुसार दहनसंस्कार झाला. करवीरच्या राजघराण्यातील पूर्वजांच्या समाध्या पंचगंगेच्या घाटावर आहेत. या तरुण राजाला परक्या भूमीतील नदीसंगम लाभला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारण्यात आली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा व तीमधील अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. कोल्हापुरातील नव्या राजवाड्याचे वास्तुशिल्पही याच मँट यांचे आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात त्या परिसरात बांधलेला पूलही ‘इंडियानो’ याच नावाने ओळखला जातो. कोल्हापुरात १८८० मध्ये सुरू झालेल्या राजाराम कॉलेजने हे नाव शिक्षणाच्या क्षेत्रात चालू ठेवले.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. तारेमुळे बातमीचा प्रवासकाळ आणि माणसाचा प्रवासकाळ एकमेकांपासून वेगळे झाले. त्यापूर्वी वार्ता माणसाच्याच वेगाने चाले. १८७० मध्ये प्रथमच असे झाले की, राजा परतण्यापूर्वी त्याच्या निधनाची बातमी परतू शकत होती. पुढील वर्षी नवे दत्तकविधान होऊन चौथे शिवाजी महाराज गादीवर आले.

१९०२ चा प्रवास : राजर्षी शाहू महाराज

राजाराम महाराजांनंतरच्या तीन दशकांत कोल्हापूरच्या बाजूनेही अंतर कमी झाले. मिरज-कोल्हापूर लोहमार्गाची पायाभरणी १८८८ मध्ये झाली व १८९१ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. सुमारे पन्नास किलोमीटरचा हा फाटा संस्थानच्या खर्चाने झाला, हे विशेष. पुण्याहून मिरजेपर्यंत आलेली मीटरगेज रेल्वे आपोआप कोल्हापूरला येणार नव्हती. संस्थानने पुढाकार घेतला म्हणून ती आली. दरम्यान आगबोटींचा वेगही वाढला होता आणि मुंबई-लंडन टपाल सुमारे दोन आठवड्यांत पोहोचत होते.

१९०२ मध्ये शाहू महाराज लंडनला गेले तेव्हा राज्यारोहण समारंभ २६ जून रोजी व्हायचा होता. राजा एडवर्ड यांच्या शस्त्रक्रियेमुळे तो ९ ऑगस्टपर्यंत पुढे ढकलण्यात आला. त्यामुळे निमंत्रित राजे-महाराजांचा मुक्काम लांबला. या काळात केंब्रिज विद्यापीठाने शाहू महाराजांना एल्‌एल. डी. ही सन्माननीय पदवी दिली.

याच मुक्कामात, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात मागासलेल्या वर्गांसाठी राज्यातील पन्नास टक्के रिकाम्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. भारतीय सामाजिक इतिहासातील हा मैलाचा दगड. त्याचा आशय आणि परिणाम यांवर विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक पैलू महत्त्वाचा ठरतो : राजा साडेसात हजार किलोमीटरवर असताना त्याच्या राज्यात असा क्रांतिकारक निर्णय जाहीर होऊन अमलात येऊ शकला. रंगो बापूजींच्या काळात लंडनमधील माणूस आणि मराठी मुलूख यांच्यात महिन्यांची पोकळी होती. १९०२ पर्यंत टपाल व तार यांनी ही पोकळी इतकी भरून काढली होती की, राज्यकारभाराचा धागा तुटत नव्हता. १८७० मध्ये अंतराने एका राजाला परत येऊ दिले नाही. १९०२ मध्ये तेच अंतर दुसऱ्या राजाच्या धोरणाला अडवू शकले नाही.

विमानयुग

इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची विमानसेवा सुरू केली. हा प्रवास सात दिवसांचा होता आणि त्यातील बाझल ते जिनोआ हा टप्पा रेल्वेने होई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले आणि मुंबई या साखळीला जोडली गेली. तिसरे राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये, कोल्हापूरजवळ उजळाईवाडी येथे विमानतळ झाला. रेल्वेप्रमाणे विमानतळाच्या बाबतीतही संस्थानने वेळीच पाऊल उचलल्याचे दिसते.

स्वातंत्र्यानंतर एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. पस्तीस प्रवाशांच्या या विमानाला सुमारे एक दिवस लागला. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि हा काळ निम्म्याच्या आसपास आला. आज मुंबई-लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरचे अंतर थेट विमान साधारणपणे साडेनऊ ते दहा तासांत कापते.

मात्र मार्गाचे अंतर आजही राजकारणापासून मुक्त नाही. सुएझ कालवा १९६७ ते १९७५ या काळात बंद होता, तेव्हा जहाजांना पुन्हा केपचा वळसा घ्यावा लागला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक मालवाहू जहाजांवर तीच वेळ आली. हवेतील मार्गांचीही स्थिती वेगळी नाही. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बंद केल्याने भारतीय विमानांना पश्चिमेकडे जाताना वळसा घ्यावा लागला. १८७० च्या युद्धाने भूमार्ग बदलला होता. विसाव्या-एकविसाव्या शतकांतील संघर्षांनी सागरी व हवाई मार्ग बदलले.

अंतर्गत टप्प्याचा बदलता वाटा

संपूर्ण प्रवासाची मुंबईपूर्वीचा व मुंबईनंतरचा अशी विभागणी केल्यास एक उद्‌बोधक चित्र समोर येते. पुढील तक्त्यातील जुन्या काळातील अंतर्गत टप्प्याचे आकडे उपलब्ध साधनांवरून धरलेले स्थूल अंदाज आहेत.

तक्ता क्र. १ : कोल्हापूर-लंडन प्रवासातील कोल्हापूर-मुंबई टप्प्याचा वाटा

१८७० – अंतर्गत टप्पा ४ दिवस. पुढील प्रवास सुमारे २४ दिवस. वाटा सुमारे १४ टक्के.
१९०२ – अंतर्गत टप्पा १ दिवस; पुढील प्रवास सुमारे १५ दिवस; वाटा सुमारे ६ टक्के.
१९४८ – अंतर्गत टप्पा १५ तास; पुढील प्रवास सुमारे २४ तास; वाटा सुमारे ३८ टक्के.
सध्या – रस्त्याने ८ तास. विमानतळावरील वेळ धरून पुढील प्रवास सुमारे १३ तास. वाटा सुमारे ३८ टक्के. रेल्वेने गेल्यास हा वाटा सुमारे ४५ टक्के.

रेल्वेयुगात संस्थानच्या गुंतवणुकीमुळे अंतर्गत टप्प्याचा वाटा घटला. विमानयुगात तो एकदम वाढला. याचा अर्थ कोल्हापूर-मुंबई प्रवास मंदावला असा नाही. लांबचा टप्पा ज्या वेगाने आखडला, त्या वेगाने जवळचा आखडला नाही, इतकेच. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आहे. रस्त्याने ते सुमारे ३८० आणि पुणे-मिरजमार्गे रेल्वेने सुमारे ५१८ किलोमीटर भरते. म्हणजे रेल्वेचा प्रवासी सरळ अंतराच्या दीडपटीहून अधिक वाट चालतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी हा मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर पुण्यात गाडी बदलण्याचा त्रास संपला. परंतु मार्गाची लांबी तीच राहिली.

उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबईची सेवा सातत्याने मिळाली असती, तर हा वाटा बराच घटला असता. प्रत्यक्षात ही सेवा अनेकदा सुरू झाली व खंडित झाली. २०११ नंतर काही वर्षे नियमित उड्डाणे बंद होती. केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेखाली २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. तथापि, केवळ तासाभराचे उड्डाण पुरेसे नसते. पुढील विमानाच्या वेळेशी त्याचा मेळ बसला नाही तर वाचलेले तास मुंबईच्या विमानतळावर बसून घालवावे लागतात.

निष्कर्ष

१) कोल्हापूर व लंडन यांमधील भौगोलिक अंतर स्थिर असले तरी मार्गाचे अंतर कालवे, लोहमार्ग व युद्धे यांनी वेळोवेळी बदलले आहे. केवळ हवाई अंतरावरून प्रवासकाळ सांगणे ऐतिहासिकदृष्ट्या व व्यावहारिकदृष्ट्याही अपुरे ठरते.

२) १८७० मध्ये बातमीचा वेग माणसाच्या वेगापासून अलग झाला. फ्लॉरेन्सची छत्री व १९०२ चा जाहीरनामा या दोन घटना या बदलाच्या दोन बाजू आहेत. पहिलीत देहाला अंतर ओलांडता आले नाही, दुसरीत विचाराला ते ओलांडता आले.

३) करवीर संस्थानने १८९१ ची रेल्वे व १९३९ चा विमानतळ यांद्वारे जागतिक मार्गांशी जोडून घेण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला. अंतर कमी करणे ही नैसर्गिक प्रक्रिया नसून तो धोरणाचा व खर्चाचा प्रश्न आहे, हे यावरून स्पष्ट होते.

४) आजच्या प्रवासात सुमारे चार टक्के अंतरासाठी सुमारे चाळीस टक्के वेळ खर्च होतो. परदेशी शिक्षणासाठी जाणारा विद्यार्थी, निर्यातीचा व्यवसाय करणारा उद्योजक किंवा परदेशातून आई-वडिलांच्या आजारपणासाठी धावत येणारा मुलगा-मुलगी यांच्यासाठी निर्णायक टप्पा लंडन-मुंबई हा नसून मुंबई-कोल्हापूर हा आहे. दक्षिण महाराष्ट्राच्या दळणवळणाचे नियोजन करताना याच टप्प्याला अग्रक्रम मिळणे इष्ट ठरेल.